गाऊनला पदर नसतो

आमच्या ओढ्याला नाव नाही. तालुक्याच्या कचेरीतल्या नकाशावर त्याच्या निळ्या रेघेशेजारी काहीतरी लिहिलेलं असेलही, पण ज्या माणसांनी त्याच्या वाळूत झरे खणून पाणी काढलं त्यांनी त्याला नुसतं ओढाच म्हटलं. जवळपास दुसरा नव्हताच, मग नाव कशाला? माणच्या पठारावर, आता जिथं पवनचक्क्या गरगरतात, तिथं त्याचा उगम आहे असं सांगायची पद्धत आहे. मी एकदा मुद्दाम चढून बघून आले. उगमाच्या जागी एक खळगा होता आणि त्यात एक शेळी बसलेली होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी तिच्या घरात चपला घालून शिरले आहे.

माझं माहेर शिराळ्याकडचं, म्हणजे भाताचं, चिखलाचं आणि बुरशी आलेल्या भिंतींचं. लग्न जमवताना मध्यस्थानं माझ्या वडिलांना सांगितलं होतं, घर ओढ्याकाठी आहे. वडील खूश झाले. आमच्याकडं ओढा म्हणजे पावसाळ्यात म्हैस वाहून नेणारा. मी वैशाखात नांदायला आले. फाट्यावर एसटीतून उतरले आणि नवऱ्यामागून चालायला लागले. पायाखाली वाळू, दोन्ही बाजूंना बाभळी, डोक्यावर ऊन. बऱ्याच वेळानं मी हळूच विचारलं, ओढा अजून किती लांब आहे. नवरा थांबला, पायाखाली बघितलं आणि म्हणाला, "मगापासनं त्यातनंच चाललोय की."

मी तिथंच वाळूत बसून हसत सुटले. नव्या नवरीनं असं हसू नये हे मला माहीत होतं, पण हसू काही ऐकेना. घरी पोचेपर्यंत मी हसतच होते. सासूबाईंना वाटलं, पोरीला ऊन लागलं. त्यांनी मला कांदा फोडून हुंगायला दिला.

तेव्हा ओढ्यावर पाच वस्त्या होत्या, आणि त्या पाचही भरलेल्या होत्या. ओढा जिथं नदीला मिळतो तिथं मळ्याची वस्ती. ती दोन्ही काठांवर पसरलेली. तिथं विहिरींना पाणी, म्हणून तिथल्या माणसांच्या आवाजातही जरा ओलावा, असं सासूबाई म्हणायच्या, आणि कौतुकानं म्हणायच्या नाहीत. वर आलं की अलीकडच्या काठावर आमची वस्ती, तिच्यावर गलाईवाल्यांची. पलीकडच्या काठावर आमच्या बरोब्बर समोर फौजी वस्ती, आणि तिच्या मागं टेकाडावर मेंढकऱ्यांची.

फौजी वस्तीचं हे नाव कुणी ठेवलं नाही, ते पडलं. घरटी एक माणूस पलटणीत. सुट्टीवर आलेले जवान ओढ्याच्या वाळूत दगडांची ओळ मांडून पोरांना परेड शिकवायचे, आणि त्यात आमच्या काठाची पोरंही घुसायची. मेंढकरी वर्षातले निम्मे दिवस वस्तीवर नसायचेच. मेंढरं घेऊन ते कृष्णाकाठाला जायचे, कराडच्या पुढं, उसाच्या रानात मेंढरं बसवायला. परत आले की टेकाड गजबजायचं आणि सगळा ओढा लोकरीच्या वासानं भरून जायचा.

गलाईवाल्यांची गोष्ट मला सांगायला फार आवडते. गलाई म्हणजे सोनारांच्या दुकानातला केरकचरा, जुनी मोड वितळवून त्यातलं सोनंचांदी वेगळं काढण्याचं काम. ह्या वस्तीवरचे लोक सगळ्या ओढ्यात गरीब. त्यांच्यातला एक जण कुणा पाव्हण्याच्या मागं मागं केरळात गेला, त्यानं भावाला नेलं, भावानं मेव्हण्याला. मी नांदायला आल्यावर, सासूबाईंच्या हयातीतच ती वस्ती भट्टीपुढं बसायला निघून गेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथं बंगले उभे राहिले. संगमरवरी पायऱ्या, दारावर सिंह, गच्चीवर कमळाच्या आकाराची पाण्याची टाकी. त्या टाकीत पाणी कुठनं येणार हे कुणी विचारलं नाही. बंगले बांधून झाले, वास्तुशांत झाली, आणि सगळ्यांनी कुलपं लावली. जत्रेला दोन दिवस उघडतात. कंपाउंडला सौरदिवे बसवलेले आहेत. अंधार पडायला लागला की ते आपोआप लागतात. सगळी वस्ती झगमगते आणि आत उंदीर सोडला तर कुणी नाही.

आता निवदाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आमच्या वस्तीखाली ओढा एक वळण घेतो. तिथल्या कपारीत हळदीकुंकवानं माखलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. आखाडातल्या एका मंगळवारी प्रत्येक वस्तीनं त्यांना निवद आणायचा आणि तो ठरलेलाच आणायचा. मळ्याची पुरणपोळी. मेंढकऱ्यांचं दही. फौजी वस्तीच्या जोंधळ्याच्या कण्या. आमच्या हुलग्याच्या घुगऱ्या. गलाईवाल्यांकडं अंबील, कारण निवद ठरले तेव्हा त्यांच्या घरात दुसरं काही नव्हतं. आसरा सात आणि वस्त्या पाच, हा हिशेब कसा बसवला असं मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दोघी धाकट्या आहेत, थोरल्यांच्या पानात जेवतात.

निवदाचा नियम एकच. आपल्या काठाचा निवद आपण खायचा नाही. अलीकडचा पलीकडच्यांनी खायचा, पलीकडचा अलीकडच्यांनी. मळेवाले दोन्ही काठांचे, ते कुणाचंही खायचे आणि त्यावरून टोमणेही खायचे. हा नियम कसा आला ह्याबद्दल दोन मतं आहेत. सासूबाईंच्या मते, एका दुष्काळात वाळूतल्या झऱ्यावरून दोन्ही काठांच्या काठ्या निघाल्या, तेव्हा कुणा म्हाताऱ्यानं हा तोडगा काढला, की एकमेकांचं खाल्लेलं असलं म्हणजे हात उचलताना जड जातो. पलीकडच्या बायकांच्या मते तसलं काही झालेलं नाही. अलीकडच्या बायकांना स्वयंपाक येत नव्हता, त्यांच्या नवऱ्यांना वर्षातनं एकदा तरी बरं जेवायला मिळावं म्हणून देवीनंच ही सोय केली. मी दोन्ही मतं सांगते. कोणतं सांगायचं ते मी कोणत्या काठावर उभी आहे त्यावर ठरतं.

प्रत्येक वस्तीची एक काशाची वाटी होती. निवदाचं धान्य त्या वाटीनं मापायचं. एखाद्या वस्तीतलं शेवटचं घर उठून जायला निघालं, की त्यानं आपली वाटी मागं राहणाऱ्या कुणाला तरी द्यायची. ओढ्याच्या मधोमध उभं राहायचं, देणाऱ्यानं वाटीत मूठभर धान्य घालायचं, आणि घेणाऱ्या बाईनं पदर पसरून ती झेलायची. पदर पसरला नाही तर वाटी दिली असं होत नाही, आणि वाटी दिल्याशिवाय घर उठत नाही. दिल्यावर मात्र त्या घरानं तो निवद करायचाही नाही आणि ओढ्यावरचा खायचाही नाही. संबंध संपला.

गलाईवाल्यांची अंबिलीची वाटी सासूबाईंनी झेलली. मळ्यात कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, डाळिंब आलं, तशी मळ्याची वस्ती उठून फाट्यावरच्या डांबरी रस्त्याला गेली. तिथं गॅरेज आहे, बँक आहे, मुलांची शाळेची गाडी येते. पुरणाच्या वाटीला पदर पसरायची पाळी माझ्यावर आली. तोवर सासूबाई गेल्या होत्या. नवरा मुंबईत माथाडीत होता, तो तिथंच गेला. अंगणवाडीत पोरं उरली नाहीत म्हणून अंगणवाडीही फाट्यावर गेली. मी तिथली सेविका, पोरांना गोष्टी सांगायची, वाघाचा आवाज काढायची, राक्षस होऊन दाराआड दबा धरायची. निवृत्तीच्या दिवशी मला शाल मिळाली आणि घरी येऊन मी ती कुणाला दाखवावी असं कुणी नव्हतं. मुलगी पुण्यात नर्स आहे. ती सारखी म्हणते, आई इकडं ये. मी म्हणते, येते की, जरा वाट्यांचं बघून.

पलीकडच्या काठावरही हेच झालं. मेंढकऱ्यांची नातवंडं पोलिसात लागली, कुणी कराडच्या बाजूला जमीन घेऊन ऊस लावला. त्यांची दह्याची वाटी फौजी वस्तीत आली. मग फौजींनीही साताऱ्याला, कराडला घरं बांधली. शेवटी ओढ्यावर दोन चुली पेटत होत्या, अलीकडं माझी आणि पलीकडं एका रिटायर हवालदारांची.

हवालदार माझ्यापेक्षा बरेच मोठे, पण वस्तीच्या नात्यानं दीर लागायचे. मी त्यांना भावजी म्हणायची, ते मला वैनी. बायको गेल्यावर ते स्वतःच्या घरात बराकीसारखे राहायचे. चादरीची घडी, बुटांची जोडी, भांडी पालथी, सगळं जागच्या जागी. रोज दिवस मावळताना ते अंगणात येऊन ओरडायचे, "सब ठीक?" आणि मी इकडनं उत्तर द्यायची. साधं उत्तर द्यायला मला कधी जमलं नाही. कधी म्हातारीचा आवाज काढायची, कधी रेडिओवरच्या बातम्यांचा. एकदा भुताचा काढला तर ते बॅटरी घेऊन ओढा उतरून आले आणि मी हसतेय बघून म्हणाले, ड्यूटीवर मस्करी चालत न्हाई. दुसऱ्या दिवशी मात्र मावळतीच्या आधीच अंगणात येऊन उभे होते, आज कुठला आवाज येतो ते ऐकायला. दिवसभरात मी जेवढं बोलायची त्यातलं निम्मं बोलणं ह्या एका हाकेच्या उत्तरात संपायचं. उरलेलं निम्मं कोंबड्यांशी.

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. साखर होतीच. एक डोळा आधीच कामातून गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. त्यांचा मुलगा कराडजवळच्या साखर कारखान्यात आहे. तो गाडी घेऊन आला, म्हणाला, ऑपरेशन करून घेऊ, आणि आता परत यायचं नाही, आमच्याकडंच राहायचं. हवालदारांनी ऑर्डर मान्य केली, पण एक अट घातली. चार्ज दिल्याशिवाय पोस्ट सोडता येत नाही. दोन वाट्या आहेत, त्या वैनींना देतो, मग निघू.

पहिल्या दिवशी खरोखरच योगायोग झाला. मी धुणं धुवायला निघाले होते आणि अंगावर गाऊन होता. हल्ली आमच्याकडं घरात सगळ्याच बायका गाऊन घालतात, खांद्यावर टॉवेल टाकतात. हवालदार डोक्याला टोपी घालून, रुमालात दोन वाट्या बांधून ओढ्याच्या मधोमध येऊन उभे.

"वैनी, चार्ज घ्या."

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणाले, "भावजी, गाऊनला पदर नसतो."

त्यांनी जरा विचार केला. "टॉवेल हाय की खांद्यावर."

"टॉवेलात काय कोंबडी धरायची हाय? देवीचं काम हाय ते."

"करेक्ट," ते म्हणाले, आणि उलट पावली गेले.

मी घरी येऊन उंबऱ्यावर बसले. आधी हसू आलं. मग लक्षात आलं, की मी एक हत्यार शोधून काढलं आहे. मी जोवर साडीत ओढ्यावर दिसत नाही, तोवर हा माणूस जाणार नाही. तो गेला की दोन्ही काठ मिळून मी एकटी.

त्यानंतर मी गाऊनवरच राहिले. बाजारात जाऊन चार नवे घेतले, सगळे मोठ्या फुलांचे, लांबून शंका राहू नये असे. दहिवडीला बँकेत जायचं तर साडी नेसावीच लागे, म्हणून पिशवीत गाऊन ठेवायची आणि ओढ्यात उतरायच्या आधी करंजाच्या झाडामागं जाऊन साडीवरूनच चढवायची. पोत्यात भरलेल्या कापसासारखी दिसायची मी. हवालदार दर आठवड्याला वाट्या घेऊन यायचे आणि परत जायचे. मध्येच त्यांना वाटलं, सरळ दगडावर वाटी ठेवून जावं. मी त्यांना गोष्ट सांगितली, की पूर्वी सासूबाईंच्या माहेराकडं असंच एका बाईनं पदर पसरला नाही म्हणून मेंढकऱ्यांचं एक घर अख्खा हंगाम थांबलं होतं, वाटी दगडावर ठेवून जायची हिंमत त्यांनी केली नव्हती. ही गोष्ट खरी आहे, सासूबाईंनी सांगितलेली. फक्त मी ती जरा रंगवून सांगितली, त्यात एक साप घातला.

त्यांचा मुलगा दोनदा रिकामी गाडी घेऊन परत गेला. दुसऱ्या खेपेला तो माझ्याकडं चहाला आला. चांगला पोरगा आहे, माझ्याच अंगणवाडीतला. चहा संपवून कप खाली ठेवला, माझ्या गाऊनवरच्या मोठ्या मोठ्या गुलाबांकडं बघितलं, आणि म्हणाला, "काकी, तुमी साडी कवा नेसणार?"

मी म्हणाले, बघू, गुडघे दुखतात, निऱ्या सांभाळत नाहीत. तो हसला नाही. डॉक्टर म्हणतात लय उशीर नको, एवढंच बोलून गेला. मला वाटलं, डॉक्टर असंच म्हणत असतात.

फाट्यावर एक लग्न होतं. मुलीच्या लग्नात घेतलेली साडी मी नेसले. लिंबासारखी पिवळी, काठाला हिरवी, जेसीबीच्या ड्रायव्हरनंसुद्धा वळून बघावी अशी. जेवणं लांबली, बायकांनी मला नकला करायला लावल्या, मी सरपंचांची केली, मुंबईहून आलेल्या जावयाची केली, सगळा मांडव हसला. परत येताना माझ्याच डोक्यात अजून टाळ्या वाजत होत्या. पिशवीतला गाऊन काढायचा राहून गेला. ओढ्यात उतरून वळणावर आले आणि समोर हवालदार. टोपी, रुमाल, रुमालात वाट्या.

मी जागच्या जागी थिजले. ऊन होतं, वारा होता, पिवळा पदर झेंड्यासारखा उडत होता. संपलं, असं मनात म्हणाले.

हवालदारांनी मान जरा वाकडी करून कानोसा घेतला. "कोण? वैनी का?"

"व्हय."

"आज बी गाऊनच?"

आमच्यात दहा पावलांचंही अंतर नव्हतं. मी माझ्या साडीकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते, म्हणजे जिकडनं आवाज आला तिकडं.

"व्हय भावजी," मी म्हणाले. "गाऊनच."

"बरं." ते वळले. ओढ्यात पाणी नव्हतं, पण पायवाटेवर दगड आहेत. त्यांनी पाय पुढं टाकला तो दगडाच्या शेजारी पडला. मग पायानंच चाचपून दगड शोधला आणि त्यावर चढले. पुढं बाभळीच्या बुंध्याला हात लावला, मग कुंपणाच्या तारेला, मग घराच्या कोपऱ्याला. हे ते रोज करत असणार. मी रोज लांबून बघत होते आणि मला ती परेड वाटत होती.

त्या रात्री मी जेवले नाही. उपास वगैरे नाही, नुसतं जेवावंसं वाटलं नाही. सकाळी त्यांच्या मुलाला फोन लावला आणि गाडी घेऊन ये म्हणाले.

"काकी, नक्की नेसणार न्हवं?" त्यानं विचारलं.

"इस्त्री करून ठेवलीया," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सुती साडी नेसले आणि ओढ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. मुलगा काठावर गाडीला टेकून होता. हवालदार रुमाल घेऊन आले. मी म्हणाले, भावजी, आज पदर आहे. त्यांनी हात पुढं केला. मी पदराचं टोक त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी ते चिमटीत धरून, चोळून बघितलं, स्टोअरमधला माल तपासावा तसं. मग मी पदर पसरला. त्यांनी पहिल्या वाटीत मूठभर कण्या घातल्या. दुसरी दह्याची, तिच्यात धान्य कुठलं घालणार म्हणून चिमूटभर मीठ घातलं. दोन्ही वाट्या माझ्या पदरात ठेवल्या.

"चार्ज दिला."

"घेतला."

मला वाटलं, झालं. पण ते तसेच उभे राहिले. सगळं तपासून घ्यायची सवय. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "वैनी, पाची वाट्या आता तुमच्याकडं. मंग तुमचा निवद खायला पलीकडं कोण?"

मी म्हणाले, बघू की.

"बघू म्हंजी काय?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासमोर उभं राहून वाट बघत होतं आणि मला एकही आवाज काढता येत नव्हता. मुलानं हॉर्न वाजवला नाही, पण गाडीचं दार उघडलं. हवालदारांनी टोपी नीट केली आणि गेले.

त्यानंतरच्या संध्याकाळी कशा जातात हे मी रंगवून सांगू शकते, पण सांगत नाही. दिवस मावळला की मी उगाच अंगणात यायची. समोरचं घर अंधारात विरघळायचं आणि वरच्या अंगाला गलाईवाल्यांच्या बंगल्यांचे दिवे एकेक करत लागायचे, कुणीतरी घरी आल्यासारखे. पहिले काही दिवस त्याच वेळी कोंबड्या कोंडायची, मग तेही उजेडातच उरकायला लागले.

मुलीनं फोनवर विचारलं, आता कशाला थांबलीस? मी म्हणाले, आखाड होऊ दे. फाट्यावर मळ्यातल्या बायकांना विचारून बघितलं, निवद खायला याल का? त्या कळवळल्या, पण नाही म्हणाल्या. वाटी देऊन टाकली, आता कसं खावं? त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते, आणि वर नियम समजावून सांगितला असता.

आखाडातला मंगळवार आला. पहाटेपासून मी चुलीपुढं. हुलगे शिजवले, अंबील आदल्या दिवशीच आंबवून ठेवली होती, पुरण वाटलं, कण्या शिजवल्या, दही घरचं. एका बाईला पाच वस्त्यांचा स्वयंपाक, आणि कुणी नावं ठेवायला नाही. पुरण जरा सैल झालं होतं. पूर्वी ह्या एका गोष्टीवर दोन्ही काठांच्या बायकांनी दिवस काढला असता.

वळणावर जाऊन आसरांना आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, पानं मांडली, ओढा ओलांडून कुणी येतंय का ह्याची वाट बघत बसले. तशी वाट बघायची असते, तो विधीचाच भाग आहे. ओढ्यात पाण्याची एक बारीक धार आली होती, तिच्या कडेला एक बगळा उभा होता. माझं कुत्रं पानांकडं बघत होतं. त्याला देता आलं असतं, पण कुत्रं माझंच, म्हणजे अलीकडचं.

बराच वेळ झाला. साध्या भाकरीवर बसावी तशी निवदाच्या पोळीवर माशी बसली. मग मी उठले. आमच्या काठाच्या निवदाचं पान दोन्ही हातांत धरलं, साडीचा ओचा खोवला आणि ओढा ओलांडला.

हवालदारांच्या ओट्यावर धूळ साचली होती. पदरानं झाडली आणि बसले. समोर माझं घर. एवढी वर्षं ह्या ओढ्यावर आहे, पण पलीकडनं माझ्या घराकडं बघत कधी बसले नव्हते. लहानसं दिसत होतं. छपरातनं धूर निघत होता, चुलीत निखारे राहिले असावेत. दार उघडं होतं, आत अंधार. बघणाऱ्याला वाटलं असतं, घरात कुणीतरी आहे, आत्ता बाहेर येईल.

मी जेवले. घुगऱ्या, अंबील, पुरणाची पोळी. पान चाटून पुसून साफ केलं, कारण निवद टाकायचा नसतो. मग परत ओढा उतरून आले, अलीकडं बसले, आणि कण्या नि दही खाल्लं. पोट तुडुंब भरलं. हे जे केलं ते नियमात बसतं की नाही, हे विचारायला ओढ्यावर कुणी नाही.

भांडी घासत होते तेव्हा फोन आला. हवालदारांचा. ऑपरेशन झालं होतं, पट्टी सुटली होती, आता बरंच दिसतं म्हणाले. सुनेच्या हातच्या जेवणाला नावं ठेवली, मुलाच्या सोसायटीतल्या कुत्र्याला नावं ठेवली. मग आवाज उतरला.

"आज मंगळवार होता, वैनी."

"व्हय."

"निवद कुणी खाल्ला?"

"मीच," मी म्हणाले. "पलीकडं जाऊन खाल्ला. तुमच्या ओट्यावर. मंग इकडं येऊन तुमचा खाल्ला."

मला वाटलं, आता रागवतील, म्हणतील ह्याला काय अर्थ आहे. मागं टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी तो बारीक केला.

"कण्या कशा झाल्या?" त्यांनी विचारलं.

"मीठ कमी पडलं."

"आमच्या आईचं बी दर साली कमीच पडायचं," ते म्हणाले. "मंग बराबर झाल्यात."